वीस बियांपुरता पॉलिश पेपर

“किती नंबरचा?” त्याने विचारलं.

“काय किती नंबरचा?”

“पॉलिश पेपर हो. ऐंशी, एकशेवीस, दोनशेवीस... लाकूड घासायचंय की लोखंड?”

“बी,” मी म्हणाले.

रंगाचे डबे आणि दोरखंडांच्या गुंडाळ्या यांच्यामध्ये उभा असलेला तो उंच दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. मग मी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. ल्युपिन नावाचं फुलझाड असतं, त्याच्या बीचं साल भारी टणक, जरासं घासून रात्रभर भिजवलं तरच कोंब फुटतो. आणि माझ्याकडे बिया आहेत मोजून वीस.

“वीस बियांना अख्खा कागद?” त्याने कात्री घेतली आणि तळहाताएवढा तुकडा कापून माझ्या हातात ठेवला. “घ्या. उगवलं तर सांगायला मात्र यायचं.”

आगाऊ! असं मनात म्हणत मी घरी आले. आणि बाराव्या दिवशी पहिला कोंब माती सारून वर आला, तेव्हा पायात चपला कशाबशा सरकवून त्याच दुकानाकडे पळत सुटले.

मी फिजिओथेरपिस्ट. वर्षाच्या करारावर चारेक महिन्यांपूर्वी इथल्या हॉस्पिटलात आलेली. भाड्याची एक खोली, तिला हातभर रुंदीची गॅलरी, आणि त्या गॅलरीत आता सतरा रोपं. तीन बिया काही केल्या उठल्या नाहीत. पण सतरा रोपांना काय कमी लागतं? कधी कुंडीच्या भोकावर टाकायला जाळी, कधी तार, कधी सुतळी... दर शनिवारी मला त्या दुकानातलं काही ना काही लागायचंच.

एका शनिवारी मी पाहिलं, तो रंगाचा डबा डाव्या हाताने उचलत होता.

“उजवा खांदा दुखतोय ना?”

“छे, कुठे काय.”

“हात वर करा बघू.”

अर्ध्यावर जाऊन हात थांबला, आणि त्याने ओठ दाबून धरले. मी एक हात त्याच्या पाठीवर, एक कोपराखाली धरला. रोज दहा जणांचे खांदे धरते मी, पण त्या दिवशी हात काढून घ्यायला जरा उशीरच झाला. का, ते विचारू नका.

“भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा,” मी सांगितलं. “दहा वेळा. सकाळ-संध्याकाळ.”

“आणि चुकलं तर?”

“तर मी ओरडेन.”

“मग चुकणारच...”

गल्ल्याजवळ स्टुलावर पेपर वाचत बसलेले त्याचे बाबा खोकले. खोकला बिकला काही नव्हता त्यांना.

पुढे एका रविवारी तो गॅलरी बघायला आला. पाऊस नुकताच थांबला होता. ल्युपिनचं पान पसरलेल्या बोटांसारखं असतं, आणि पावसानंतर त्याच्या बरोबर मधोमध एक थेंब थांबून राहतो. तो थेंब बघायला आम्ही दोघं एकदमच वाकलो. त्याच्या शर्टाला टर्पेंटाइनचा वास होता. मला तो वास आवडतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी उगाचच चहा टाकायला आत पळाले.

असे आठ महिने गेले. करार संपायला आठ दिवस उरले आणि दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलचं पत्र आलं. कायमची नोकरी! पत्र घेऊन दुकानात गेले, तर तो माल पोचवायला गेलेला. बाबांनी पेपर खाली ठेवला.

“बरं झालं एकटी सापडलीस. तुझ्या त्या झाडाला फूल कधी गं येणार?”

“का हो काका?”

“अगं, फूल आलं की तुला विचारणार म्हणतोय. मी म्हटलं, अरे, लग्न करायचंय का शेती?”

मला हसू आलं आणि लगेच थांबलंही. कारण बीपासून लावलेलं ल्युपिन पहिलं वर्ष नुसतं मुळं धरण्यात घालवतं. फूल पुढच्या वर्षी. आणि मी तर सोमवारी निघणार! आपणच जाऊन सांगावं? सांगितलं असतं हो, मला कुणाची भीती? भीती एकच. मी जाते म्हणाले, आणि तो नुसतं ‘बरं’ म्हणाला तर?

दोन दिवस घुटमळले. तिसऱ्या दिवशी रिमझिम पावसात दुकानात शिरले. तो खिळे तोलत होता.

“यंदा फूल येणार नाही,” मी धाडकन सांगून टाकलं.

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“बियांच्या पाकिटावर लिहिलंय की. तुमच्या गॅलरीत वाचलं.”

“मग बाबांना तसं का सांगितलंत?”

त्याचे कान लालबुंद झाले. “ते रोज मागे लागायचे. म्हटलं, फुलाचं निमित्त सांगितलं की वर्षभर सुटका. तोवर धीर गोळा होईल.”

“वर्षभर? अहो, धीर गोळा करताय की घर बांधताय?”

“तुम्ही नाही म्हणालात, तर यायच्या बंद व्हाल...” तो खिळ्यांकडे बघत म्हणाला. “शनिवारी तुम्ही येता, त्यावर माझा अख्खा आठवडा निघतो.”

भांडायला आले होते मी, आणि डोळेच भरले मेले! “माझ्याकडे वर्ष नाही,” मी म्हणाले. “सोमवारी चाललेय. कायमची नोकरी लागलीय.” शहराचं नाव सांगितलं.

“कायमची?” त्याने हातातले खिळे तराजूत टाकले. “मग जायलाच हवं.”

आलंच की ते ‘बरं’! मी वळले आणि पायरी उतरले.

“थांबा ना!” तराजू तसाच टाकून तो काउंटरबाहेर आला. “सव्वातीन तास लागतात. सकाळी सहाची बस आहे. रंगाचा माल आणायला महिन्यातून एकदा जातोच मी तिथे... आता दर रविवारी येईन. म्हणजे, तुम्ही हो म्हणालात तर.” त्याने मोठ्ठा श्वास घेतला. “मला तुम्ही फार आवडता. लग्न कराल माझ्याशी?”

“हो,” मी म्हणाले. पण इतक्या हळू, की मलाच जेमतेम ऐकू आलं.

स्टुलावरचा पेपर खाली आला. “मोठ्याने बोल गं. मला ऐकू आलं नाही.”

मग मी मोठ्याने म्हणाले. रस्त्यावरून छत्री घेऊन चाललेली एक बाई दचकून आत बघायला लागली, तरी आणखी एकदा म्हणाले.