मास्तरांनी खाल्लेला डबा

शनिवारी सकाळी आठला पोलीस ठाण्यातला फोन वाजला.

"मॅडम, मास्तरांना जाळू देऊ नका," एक म्हातारी बाई धापा टाकत म्हणाली. "आज पहाटे गेले म्हणतात. पण काल दुपारचा डबा खरंच संपला असेल, तर ते कालच मेलेले होते!"

फौजदार संध्या आहेरांनी कप खाली ठेवला. सकाळी सकाळी असलं ऐकल्यावर चहा कसला घशाखाली उतरतोय!

गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत कारभारी मास्तरांचं बैठं घर. दाराशी तिरडी बांधायला घेतलेली. फोन करणाऱ्या सुलाबाई, मास्तरांच्या पत्नी, फाटकाबाहेर ताटकळत होत्या. पुतण्या राकेश त्यांना आत येऊ देत नव्हता.

"ही आता आमची कुणी नाही," तो म्हणाला. "सहा वर्षं वेगळी राहते. काल तीनला कोर्टाने घटस्फोटाचा निकाल दिला."

"मास्तर कोर्टात होते?"

"ताप होता. मी एकटाच गेलो."

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"काल रात्री. रेडिओ ऐकत होते. पहाटे उठवायला गेलो, तर गार पडलेले."

संध्या आत गेल्या आणि अंगावर सरसरून काटा आला. जानेवारीची थंडी, गल्लीत लोक शेकोटीला बसलेले, आणि इथे एसी चालू! खुंटीला दोन स्वेटर आणि कानटोपी. उशाशी रेडिओ अजून हळू आवाजात बोलत होता आणि मास्तर डोळे मिटून ऐकतायत असंच वाटत होतं. संध्यांना तिथे एकटं थांबवेना. त्या बाहेर फाटकाशी राकेशकडे आल्या.

"एसी कशाला?"

"काकांना फार उकडायचं."

तेवढ्यात डबा देणाऱ्या मंगलाबाई आल्या. सुलाबाईंना बातमी त्यांनीच कळवली होती.

"काल बाराला डबा ठेवला. आत रेडिओ लागलेला, मास्तर खोकले. दोनला पाहिलं तर डबा ओट्यावर, रिकामा, घासलेला."

"डबा रोजच असतो?"

"संकष्टीला नसतो. आदल्या रात्री फोन करतात, उद्या नको म्हणून. काल संकष्टी होती, पण परवा फोनच आला नाही. मी आपला ठेवला." मंगलाबाईंचा आवाज कापायला लागला. "अगं बाई! मग आत खोकलं कोण?"

"सुलाबाई, मास्तरांनी कधी संकष्टी मोडली होती?"

"कधीच नाही. तापाने फणफणले असले तरी चंद्र दिसल्याशिवाय घास नाही."

संध्या राकेशकडे वळल्या.

"म्हणजे परवा रात्री फोन करण्याआधीच मास्तर गेले. त्यांना मूलबाळ नाही. निकालाआधी गेले, तर सुलाबाई त्यांच्या विधवा. घर त्यांना, पेन्शनही त्यांना. निकालानंतर गेले, तर त्या परक्या आणि घर तुमचं. म्हणून काकांना एक दिवस जिवंत ठेवायचं होतं. एसी लावलात, रेडिओ लावलात, त्यांच्यासारखे खोकलात. डबा तसाच परत गेला तर लोक विचारतील, म्हणून तोही खाल्लात. फक्त दिवस कोणता, ते पाहिलं नाहीत."

"मी मारलं नाही हो!" राकेश घाईघाईने म्हणाला. "झोपेतच गेले. घटस्फोट काकांनाच हवा होता ना? मी फक्त एक दिवस थांबलो."

"कसे गेले, ते डॉक्टर सांगतील. पण मेलेल्या माणसाचा घटस्फोट होत नाही. कालचा निकाल टिकायचा नाही."

"शेजारच्या खोलीत ते पडलेले," मंगलाबाई पुटपुटल्या, "आणि तुला घास गेला रे?"



संध्यांनी सुलाबाईंना आत नेलं. कोर्टात सहा वर्षं त्या 'मास्तर, मास्तर' म्हणत भांडल्या होत्या. आता पलंगाशी उभ्या राहिल्या, खुंटीवरची कानटोपी हातात घेतली आणि त्यांना रडू आवरेना.

"मॅडम, आधी ते बंद करा," त्या एसीकडे बोट दाखवत म्हणाल्या. "ह्यांना थंडी सोसत नाही."