मंगळवारची पेटी

टॅक्सी दुकानापुढे थांबली तेव्हा एफुआ आरकु एका प्रिंटरच्या पोटातून झुरळं झटकत होती. सोमवारची सकाळ होती. वाळवंटाकडून येणारा धुळीचा वारा, हरमॅटन, आठवडाभर अपाम गावावर ठाण मांडून होता. समुद्र दोनशे पावलांवर होता, पण दिसत नव्हता, नुसता ऐकू यायचा. टॅक्सीवाल्या कोबिनानं डिकीतून धुरानं पिवळा पडलेला एक जुना कॉम्प्युटर काढून बाकावर आदळला. त्याच्यामागून मामे बोट्वे उतरली; वयस्क बाईला गावात मामेच म्हणतात. बंदरावर मासे धुरावर सुकवणाऱ्या बायकांमधली ती सगळ्यात जुनी, आणि सगळ्यात कमी बोलणारी.

"हळू रे," मामे म्हणाली. "तुझ्या सासरची भांडी नाहीत ती."

"मामे, याला आता पुरायचंच बाकी आहे," कोबिना म्हणाला, आणि लगेच त्यानं जीभ चावली. मामेच्या समोर त्या आठवड्यात हा शब्द कुणी काढत नव्हतं.

मामेच्या मुलाचं नावही कोबिनाच. मंगळवारी जन्मलेला मुलगा म्हणजे कोबिना; गल्लीत उभं राहून हाक मारली तर पाच-सहा माना वळायच्या. मामेचा कोबिना एकवीस वर्षांपूर्वी वाळवंट ओलांडून लिबियाकडे गेला. तेव्हा गावात एकच फोनचं दुकान होतं, एग्या सॅक्कीचं; एग्या म्हणजे बाबा. लोक संध्याकाळी तिथं रांगा लावायचे. सॅक्की हुशार माणूस. त्यानं कुठून तरी एक कार्ड आणून कॉम्प्युटरमध्ये बसवलं आणि निरोपांच्या सात पेट्या केल्या, वारांप्रमाणे सात. मंगळवारी जन्मलेल्यानं परदेशातून फोन करायचा, मंगळवारच्या पेटीत बोलायचं, आणि इकडे त्याच्या आईनं येऊन रिसीव्हर कानाला लावायचा. लांबून बोलणारा घाईत असायचा. तो आपलं नुसतं "मी कोबिना" म्हणायचा.

एके दिवशी सॅक्कीनं निरोप धाडला: कोबिनाचा फोन आला होता, पाण्याच्या काठाशी पोचलोय, आईला म्हणावं वाट बघ. मामे तेव्हा मासे घेऊन एल्मिनाच्या बाजाराला गेली होती. तीन दिवसांनी परतली तेव्हा कॉम्प्युटर सुरू होता होता हँग व्हायला लागला होता. तो पुन्हा कधी धड सुरू झाला नाही. एकवीस वर्षं ती त्या एका वाक्यावर जगली, आणि ते वाक्यही तिनं मुलाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आता कुटुंबप्रमुख एग्या ओतूनं ठरवलं होतं की येत्या शनिवारी कोबिनाचे अंत्यविधी करायचे. ज्याचा विधी नाही तो ना इकडचा, ना तिकडचा. मामेनं एवढंच मागितलं होतं की आधी मला तो आवाज ऐकू द्या. ओतूनं गुरुवारपर्यंतची मुदत दिली. गुरुवारी निधनाचा फलक छापायला जाणार होता.

"त्याचा आवाज असेल तर मी विधी होऊ देणार नाही," मामे म्हणाली. "तो वाट बघ म्हणाला, तर मी बघणार. नसेल तर मग काय, छापा."

"आवाज डिस्कवर असेल तर काढता येईल, मामे."

"सॅक्कीची बायको म्हणाली, त्या कार्डाशिवाय तो वाजत नाही."

ते खरं होतं. कार्ड हातभर लांब, हिरवं, आणि आजच्या कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये तशी खाचच नसते. म्हणजे हाच म्हातारा कॉम्प्युटर आणि हेच कार्ड, दोघांना एकत्र नांदवायचं होतं. एफुआ पंधरा वर्षं हेच करत आली होती. तिचं म्हणणं असं की यंत्राला ना राग असतो ना माया, असतो तो गंज.

कार्ड काढून सुरू केलं तर कॉम्प्युटर मुकाट चालू झाला. कार्ड बसवलं की पडद्यावर मेमरी मोजून व्हायची, कार्डाच्या कोपऱ्यातला चिमुकला डबीसारखा भाग 'टक' करायचा, आणि सगळं जिथल्या तिथं थांबायचं. तो टक तिला माहीत होता. फोन उचलला गेला की ही कार्डं तसा आवाज करतात. पण फोनची तार लावायची जागा तर रिकामी होती.

तिनं खोडरबरानं कार्डाचे सोनेरी दात घासले. टक. खाच बदलली. टक. बोर्डावरची मेलेली बॅटरी बदलली, दुसरी मेमरी लावली, वीजपुरवठ्याचा डबाच दुसरा जोडला. आजार म्हशीला अन् औषध पखालीला, असं तर आपण करत नाही ना, अशी तिला शंका येऊ लागली. प्रत्येक वेळी ती मिनिटभर वाट बघायची, वैतागून बटण दाबून बंद करायची, आणि वहीत लिहायची: काय बदललं, किती वेळ थांबले. सोमवारी सहा खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला ती फार थकली होती, आणि तिला वाटलं की टक झाल्यावर दुकानातली हवा जराशी बदलते, जसं पलीकडच्या खोलीत कुणीतरी येऊन उभं राहिल्यावर वाटतं. तिनं ते वहीत लिहिलं नाही.

मंगळवारी समुद्राला विश्रांती असते. अपामचा एकही कोळी त्या दिवशी होडी पाण्यात घालत नाही. किनाऱ्यावर इंजिनं नाहीत, आरडाओरडा नाही; नुसती धूळ, आणि धुळीत बसून जाळी शिवणारी माणसं. एफुआच्या अजून तीन खेपा झाल्या. नववी खेप बंद करून तिनं दहाव्यांदा बटण दाबलं, टक ऐकला, आणि तिच्या पोटात एकदम भूक पेटली. तसाच सोडून ती मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा केन्के आणि तळलेले मासे आणायला गेली. केन्केवाली गप्पिष्ट होती. तिची मुलगी, जावई, जावयाची आई, सगळ्यांची खुशाली ऐकून एफुआ परतली.

कॉम्प्युटर चालू झाला होता.

पडद्यावर सात पेट्यांची यादी होती. इतकंच होतं तर. तो हँग होत नव्हता, नुसता वेळ घेत होता, आणि एकवीस वर्षं जो तो घाईनं त्याचा गळा दाबत होता. एफुआ एकटीच हसली. तिनं केन्के बाजूला ठेवला आणि मंगळवारची पेटी उघडली.

वर एक निरोप होता, एकवीस वर्षांपूर्वीचा. त्याखाली दहा नवे होते. कालचे सहा, आजचे चार.

तिनं वही उघडून शेजारी ठेवली. एक मिनिट. एक मिनिट. चाळीस सेकंद, कारण त्या वेळी गिऱ्हाईक आलं होतं. दोन मिनिटं. नऊच्या नऊ तंतोतंत जुळले. दहावा सव्वीस मिनिटांचा होता.

कार्डानं आपलीच खरखर भरून ठेवली असणार, असं तिनं स्वतःला समजावलं. रिसीव्हर कार्डाला जोडून तिनं नव्यांतला पहिला निरोप लावला. वाऱ्याचा आवाज आला. बराच वेळ वाराच. मग अगदी जवळून, दबकत, एका तरुणाचा आवाज: "एना?" आई, अशी ती हाक. आणि निरोप संपला, तिनं बटण दाबलं होतं तिथंच.

दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यातही. नवव्यात तो म्हणाला, "एना, लाइन सारखी तुटते."

दहावा तिनं लावला नाही. तिनं समोरच्या शिंपिणीला मामेकडे धाडलं.

मामे हात पुसत आली. अंगाला धुराचा आणि माशांचा वास. एफुआनं आधी जुना निरोप लावून रिसीव्हर तिच्या हातात दिला. मामेनं तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. तिचा चेहरा आधी उजळला, मग हळूहळू विझला.

"हा माझा नाही," ती म्हणाली. "हा टॅक्सीवाला. जाळीवाल्यांचा कोबिना. तेव्हा तोही तिकडे होता. त्याच वर्षी परत आला. त्याच्या आईला सांगत होता, वाट बघ म्हणून." ती स्टुलावर बसली. "काल त्याच्याच गाडीतून हे धूड आणलं गं मी. त्याला चहासुद्धा विचारला नाही."

एफुआला रडू आलं. एकवीस वर्षं दुसऱ्याच्या वाक्यावर काढलेली बाई समोर बसली होती, आणि तिला पाणी द्यायचंही एफुआला सुचेना.

"जाऊ दे," मामे म्हणाली. "ओतूला सांगते, छाप म्हणून."

तेव्हा एफुआ गप्प बसली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. एफुआला ते नंतर पुष्कळदा वाटलं. पण ती म्हणाली, "मामे, अजून एक आहे. तो कुणाचा ते मला कळत नाही."

तिनं दहावा निरोप लावला.

मामे ऐकत राहिली. बाहेर धुळीत सूर्य फिक्कट, बघवेल इतका मऊ झाला होता. जाळी शिवणारं कुणीतरी गुणगुणत होतं. मामेच्या खांद्यांतला ताण निघून गेला, जणू कुणी तिच्या डोक्यावरची टोपली उतरवून घेतली.

गावात लहानपणापासून शिकवतात: कोण बोलावतंय ते दिसत नसेल तर ओ देऊ नये. मामेनंच अर्ध्या गावाच्या पोरांना ते शिकवलं होतं.

"बोल," मामे म्हणाली. "आहे मी."

"मामे, ते भरून ठेवलेलं आहे," एफुआ हलकेच म्हणाली. "त्याला ऐकू जात नाही."

मामेनं हात वर करून तिला थांबवलं. कुणी फोनवर असताना मध्ये बोलणाऱ्याला थांबवतात तसं.

"हो, धुराडं नवीन बांधलं... गुडघा? तसाच आहे... जेवलास का?"

मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "नाही."

थोड्या वेळानं तिचा सूर बदलला, परक्याच्या पोराशी बोलताना बदलतो तसा. "हो बाळा, ओळखते की तिला... नाही."

पुन्हा थांबली. "नाही रे."

एफुआ मोजत होती. अकरा वेळा मामे नाही म्हणाली, दर वेळी निराळ्या आवाजात.

मामेनं रिसीव्हर खाली ठेवला. अंगावरच्या कापडाच्या टोकानं तो पुसला. ती निघून गेली.

एफुआनं पडद्याकडे पाहिलं. दहावा निरोप आता एक्केचाळीस मिनिटांचा होता.

गुरुवारी दुपारी एग्या ओतू फलकाचा कच्चा कागद घेऊन मामेच्या अंगणात आला. एफुआला साक्षीला बोलावलं होतं. कागदावर कोबिनाचा एकोणिसाव्या वर्षीचा फोटो होता. खाली जन्मतारीख होती, आणि दुसऱ्या तारखेची जागा कोरी.

"ऐकलास आवाज?" ओतूनं विचारलं.

"तो जुना आपला नव्हता. दुसरा ऐकला. तो आपला."

"मग सांग. आहे की गेला? म्हातारा झालोय मी, बोट्वे, कोडी घालू नकोस."

मामे मासे निवडत होती. हात थांबले नाहीत.

"तेच तर त्याला माहीत नाही, एग्या. तो मलाच विचारत होता. म्हणाला, एना, इथं कुणाला काही कळत नाही, तिकडे माझे विधी झाले का? मी म्हटलं, नाही. त्याला फार बरं वाटलं. म्हणाला, मग मला यायला हरकत नाही."

ओतूनं कागदाची घडी घातली. ती नीट बसेना, म्हणून पुन्हा घातली.

"त्याच्यामागं रांग होती," मामे म्हणाली. "आपल्याच गावची पोरं. दहा जण. प्रत्येकानं आईचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, आणि तेच विचारलं. इतकी लहान आहेत गं अजून, एफुआ. मी कुणाला हो म्हणू?"

"काय सांगितलंस त्यांना?" ओतूनं विचारलं.

"सगळ्यांना नाही, असंच सांगितलं."

मग तिनं दहाही नावं घेतली. त्यांतल्या सात जणांचे विधी होऊन गेले होते. दोघांच्या विधीला एफुआ स्वतः काळे कपडे घालून जेवली होती.

ओतू उठला. शनिवारचं काय, ते कुणी विचारलं नाही.

एफुआ उताराच्या गल्लीनं घरी निघाली. वारा पडला होता. मामे अन्साबा आपल्या दाराशी बसून कसाव्याचे कंद सोलत होती. ती एकटी राहायची. तिच्या मुलाच्या विधीला नऊ वर्षं झाली होती, आणि सात नावांमध्ये त्याचं नाव होतं. तिच्यापुढचं घमेलं काठोकाठ भरलं होतं.

"एवढा कसावा, मामे?" एफुआनं लांबूनच विचारलं. "पाहुणे आलेत की काय?"

अन्साबानं ओठांवर बोट ठेवलं. तिचा चेहरा आनंदानं मऊ झाला होता.

"हळू बोल," ती कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."