प्रत्यक्ष पाहिले

ऑफिसात त्याला फूटपट्टी म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ठाऊक होतं आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नव्हतं. शहरातला प्रत्येक सार्वजनिक फलक नियमात बसतो की नाही हे बघणं त्याचं काम. फलकाची खालची कड जमिनीपासून दोनशे दहा सेंटिमीटर. रंग ठरलेला, बाणाची जाडी ठरलेली, स्क्रू चार. पाठीमागे एक पांढरी चिठ्ठी. तिच्यावर क्रमांक, तारीख, 'प्रत्यक्ष पाहिले' हे दोन शब्द आणि सही.

सही त्याची असायची, पण बाकीचं अक्षर बायकोचं. त्याचं स्वतःचं अक्षर कुणाला लागायचं नाही, म्हणून एकोणतीस वर्षं चिठ्ठ्या तिनेच लिहिल्या. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर गठ्ठा घेऊन बसायची. गोल, सुटं, फळ्यावर काढावं तसं अक्षर. प्रत्येक चिठ्ठीला मान वर करून विचारायची, "प्रत्यक्ष पाहिलंत ना? लिहू?"

"लिही गं," तो पेपरातून डोकं न काढता म्हणायचा.

सगळे फलक कुठे पाहून होतात? मिस्त्री फोटो पाठवायचा, फोटोत फलक सरळ दिसला की चिठ्ठी तयार, आणि पुढच्या खेपेला मिस्त्री ती मागे चिकटवून यायचा. खात्यात सगळ्यांचंच असं चालायचं. फक्त फोटोत खांब दिसतो, तो रस्त्याच्या कुठल्या बाजूचा ते दिसत नाही. मोठ्या इस्पितळाच्या चौकातला इमर्जन्सीचा फलक, लाल पाटीवर पांढरा क्रॉस आणि खाली बाण, मिस्त्रीने समोरच्या बाजूच्या खांबावर ठोकला. बाण इस्पितळाकडे पाठ करून उभा राहिला. त्या रविवारीही बायकोने विचारलं होतं आणि तो "लिही गं" म्हणाला होता.

पाचव्या दिवशी तिच्या छातीत दुखायला लागलं. तो ऑफिसात होता. शेजारी नुकताच राहायला आलेला, भला माणूस. त्याने तिला आपल्या गाडीत घातलं आणि बाण बघून गाडी वळवली. अकरा मिनिटांनी तो पुन्हा त्याच चौकात आला. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आणलं असतं तर.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी फूटपट्टी एकटाच त्या चौकात गेला. बराच वेळ उभा राहिला. मग मिस्त्रीला बोलावून फलक हलवला आणि रजिस्टरात दुरुस्तीची तारीख आठवडाभर मागची टाकली. कुणाला बोलला नाही. मुलीने शेजाऱ्याला जिन्यात गाठलं. "रस्ता माहीत नव्हता तर गाडी कशाला काढलीत?" शेजारी मान खाली घालून ऐकत राहिला. फूटपट्टी दारातच उभा होता. महिनाभरात शेजारी घर सोडून गेला.

या गोष्टीला वर्ष होत आलं. मुलीला नववा महिना लागला होता. नाव त्याच इस्पितळात घातलं होतं, कारण मोठं असं तेवढं एकच.

एका रविवारी अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात एक घामाघूम माणूस, पाठीवर म्हातारी आई.

"इमर्जन्सी कुठाय?"

"हे घर आहे."

"घर? मग बाण इथे का दाखवतोय? चेष्टा आहे का?" त्याने एक सणसणीत शिवी घातली आणि आईला घेऊन धडाधड जिना उतरला.

फूटपट्टी खाली गेला. गल्लीच्या तोंडाच्या खांबावर लाल फलक होता. क्रॉस, बाण, चार स्क्रू. पत्रा खात्याचा, रंग खात्याचा. बोट ठेवायला जागा नव्हती, एका उंचीशिवाय. त्याने टेप लावली. एकशे सेहेचाळीस. फलक काढून उलटा केला. मागे चिठ्ठी होती, कोरी.

सोमवारी स्टोअरकीपरने फलक खालीवर करून पाहिला. "माल आपलाच. पण स्टॉकमधून एकही गेलेला नाही. फूटपट्टीसाहेब, घरी कारखाना काढलात की काय?" आणि स्वतःच हसला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात पाणी पिताना त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. ते बायकोने खाली लावून घेतलं होतं. "तुमची सरकारी उंची ऑफिसात ठेवा. माझी मान मोडते." त्याने टेप आणली. घड्याळाची खालची कड एकशे सेहेचाळीसवर होती.

मंगळवारी दोघं आली. बुधवारी पाच. हाताला फडकं गुंडाळलेला सुतार. निळं पडलेलं मूल घेतलेली बाई, जिने त्याच्या दारावर डोकं आपटलं. "उघडा हो! बाण इथेच आहे!" तो तिला रस्ता सांगत होता आणि ती ऐकत नव्हती, त्याच्या खांद्यावरून घरात बघत होती. तो रोज फलक काढायचा, सकाळी नवा असायचा. आधी गल्लीत, मग फाटकावर, मग जिन्यात. उंची तीच. चिठ्ठी कोरी. इमारतीतले लोक त्याच्याशी बोलेनासे झाले. कुणीतरी त्याच्या पायपुसण्यावर थुंकून गेलं.

गुरुवारी साहेबांनी बोलावलं. समोर रजिस्टर उघडं होतं.

"बसा. तक्रारी येतायत. इमर्जन्सीचे बाण चुकतायत म्हणे. म्हणून जुन्या नोंदी काढल्या. हा इस्पितळाच्या चौकातला, गेल्या वर्षीचा. तुम्हीच पास केलाय. प्रत्यक्ष पाहिला होता ना?"

पानावर त्याची सही होती. बाहेर कुणीतरी शिक्के मारत होतं, धप, धप. तो आवाज थांबायची फूटपट्टीने वाट पाहिली. तो थांबला नाही.

"हो," तो म्हणाला. "प्रत्यक्ष."

"मग झालं तर," म्हणत साहेबांनी रजिस्टर मिटलं.

शुक्रवारी त्याने रजा टाकली. पहाटे उठून गल्ली, फाटक, जिना पाहिला. कुठेही फलक नव्हता. दुपारपर्यंत बेल वाजली नाही. त्याला बरं वाटलं. दोन घास जेवला.

पावणेतीनला मुलीचा फोन आला.

"बाबा, कळा सुरू झाल्यात. निघालोय आम्ही." श्वास तुटत होता. "पुढचा रस्ता खोदलाय. मॅप नुसता गोल गोल फिरवतोय. तुम्ही सांगा, कुठून वळू?"

"जावयांना म्हणावं डावीकडे घ्या, पुलाखालून. आणि हे बघ, बाणांकडे बघू नका."

"का?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा, का? तुम्हीच म्हणता ना, माणूस चुकेल पण फलक चुकत नाही?"

घड्याळ टिकटिकत होतं. तोंडाशी आलेलं सगळं एका वाक्याचं होतं. ते सांगितलं तर ती जन्मात त्याच्याकडे फिरकणार नव्हती.

"रंगकाम चालू आहे तिकडे," तो म्हणाला. "म्हणून."

"मग काही नाही. दिसला आम्हाला बाण, लाल. ठेवते."

फोन बंद झाला. त्याने पुन्हा लावला. लागेना. जावयाला लावला. वाजत राहिला.

तो खुर्चीत बसला. उठला. घड्याळात दोन अठ्ठेचाळीस झाले होते.

दोन एक्कावन्न.

दोन पंचावन्न.

दोन एकोणसाठला बेल वाजली.

जिन्यात मुलगी कठड्याला धरून वाकली होती. तिच्या चपला ओल्या होत्या. तिने वर पाहिलं. चेहऱ्यात रक्त नव्हतं.

"बाबा, इथे कसे आलो आम्ही?"

जावयाने दारावरून काहीतरी हिसकून काढलं. पत्रा वाकल्याचा आवाज झाला.

"हे काय आहे, बाबा? तुमच्या दारावर?"

लाल फलक. क्रॉस. बाण सरळ घरात.

फूटपट्टीने तो हातात घेतला आणि हाताच्या सवयीने उलटा केला.

चिठ्ठी भरलेली होती. क्रमांक इस्पितळाच्या चौकातल्या फलकाचा. तारीख आजची. सहीची जागा रिकामी. मधली ओळ गोल, सुट्या अक्षरात.

'प्रत्यक्ष पाहिले.'

या वेळी तिने विचारलं नव्हतं.