आईला बरं वाटतंय

त्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मला संशय आला तो त्यांच्या मुलीचा.

मुलगी पोहायला शिकवायची. खणखणीत आवाज, उन्हानं रापलेले हात. "डॉक्टर, आईला काहीच आठवत नाही. डिमेन्शियाच आहे हा," खुर्चीत टेकण्याआधीच तिनं सांगून टाकलं. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. नवरा गेल्यापासून गप्प झालेल्या.

मी वार विचारला.

"माहीत नाही."

नातवाचं नाव?

"माहीत नाही. डोकं कामातून गेलंय हो माझं."

डिमेन्शियाचा पेशंट सहसा असं कबूल करत नाही. तो सारवासारव करतो, काहीतरी ठोकून देतो, हसण्यावारी नेतो. बाई तर प्रयत्नच करत नव्हत्या. स्कॅन आणि रक्ताचे रिपोर्ट ठीक आले. मी नैराश्याचं निदान करून गोळ्या लिहून दिल्या. आईला डिमेन्शियाच आहे असं ठरवायची मुलीला एवढी घाई का, हे मात्र मनात राहिलं.

गोळ्या लागू पडल्या. बाई नीट केस विंचरून येऊ लागल्या, शेजारणीची नक्कल करू लागल्या. वार, नातवाचं नाव, जुने फोन नंबर, सगळं धडाधड सांगत. मी खूश होते.

मग एकदा म्हणाल्या, "पहिल्यांदा उंच फळीवरून उडी मारली ना मी! नाकात पाणी गेलं. त्या पाण्यातल्या औषधाचा वास दिवसभर जाईना."

"तुम्ही पोहायचात?"

"मी? छे! मला पाण्याची भीती..." आणि त्या थबकल्या.

मी मुलीकडे वळले. "ही तुमची आठवण आहे का?"

"असेल," ती हसली. "एवढं कोण लक्षात ठेवतं!"

मला वाटलं, हीच आईला पढवत असणार. किंवा आईच्या गोळ्या स्वतः घेत असेल. मी तिला एकटीला बोलावलं. तरी आई सोबत आल्याच.

"शिकवणी कशी चाललीय?" मी मुलीला विचारलं.

"बंद केली. पाण्यालाही सुट्टी नको का?"

"मुलगा काय म्हणतो? नाव काय त्याचं?"

ती पुन्हा हसली. मग मान वळवून आईकडे पाहिलं. आईनं नाव हळूच पुरवलं.

मुलीचा स्कॅन करून घेतला. तोही स्वच्छ आला.

मी आईला बाजूला घेतलं. "घरात काय चाललंय?"

"मी काही करत नाही हो. ती जवळ बसते, बोलते, आणि मला आठवतं." त्यांचे डोळे भरून आले. "मला बरं वाटतंय, हा काय गुन्हा झाला?"

मी मुलीच्या नवऱ्याला गाठलं. त्यानं तिला आपल्या बहिणीकडे नेऊन ठेवलं. तिच्यात फरक पडलेला नाही.

बाई आता एकट्याच येतात. गोळ्या कधीच बंद केल्यात, तरी येतात. खुर्ची टेबलाच्या माझ्या बाजूला ओढून बसतात.

काल त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"तुमचे वडील जिन्यातून शीळ घालत यायचे," त्या मायेनं म्हणाल्या. "तुम्हाला अंधाराची भीती वाटू नये म्हणून. काय गोड माणूस!"

"हो ना," मी हसून म्हटलं.

त्या गेल्यावर मी पर्समधला फोटो काढला. माझ्या खांद्यावर हात ठेवून एक म्हातारा उभा होता.

दिसायला भला वाटला.