हवेतली साबणदाणी

शेवटी दोघांचं जमलं.

हे वाक्य चुकून आधी आलं. वाचलं असेल तर वाचलंच नाही असं समजा. कुणाचं काही जमलेलं नाही. विषय ॲल्युमिनियमच्या साबणदाणीचा आहे.

सीएनसी मिलिंगच्या, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कोरणाऱ्या मशीनच्या, वर्गात तिला सगळे ‘तोडफोड’ म्हणत. हिरवं बटण दिसलं की तिला दम निघत नसे, आणि तिच्या हाती आलेला कटर फार काळ जगत नसे. त्याला म्हणत ‘हवाई’. तो प्रत्येक प्रोग्राम आधी हवेत चालवून बघे... झिरो, म्हणजे मशीन जिथून खोली मोजतं ती पातळी, वर उचलायचा, कटर ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याच्या वीतभर वरून फिरवायचा. चुकलंच तर नुकसान हवेचं.

एका सकाळी ती उशिरा आली, तर तिच्या मशीनपाशी तो उभा!

“हिला धीर नाही, याला धाडस नाही,” मास्तर म्हणाले. “दोघं मिळून एक माणूस होईल. करा साबणदाणी.”

करता करता कोर्सचा शेवटचा दिवस उजाडला.

“पुन्हा हवेत?” तिने विचारलं.

“एकदाच.”

“मघाशीपण एकदाच होतं.”

“मघाशी तू बघत होतीस. लक्ष लागत नाही.”

“मग डोळे मिटू?”

“मिट... म्हणजे — नको.”

काचेमागे कटर थंड ठेवणाऱ्या दुधाळ कूलंटची सर कोसळत होती. ती काचेतल्या त्याच्या प्रतिबिंबाकडे बघत होती. हा माणूस आपल्याशीही हवेतच बोलतो, तिला वाटलं. हात अगदी हाताजवळ येतो... आणि चष्मा पुसायला वळतो. साबणदाणी पास झाली की तो दूरच्या कारखान्यात जाणार, ती मामाच्या वर्कशॉपात. आज बोलला नाही, तर जन्मात बोलायचा नाही.

हवेतली फेरी संपली. आता खऱ्या कापणीसाठी त्याने तिच्याकडे बघत हिरवं बटण दाबलं. मशीन घुमलं, कूलंट उडालं, प्रोग्राम थाटात संपला. मास्तरांनी मशीनचं दार उघडलं. आत ठोकळा जसाच्या तसा! नुसती आंघोळ झालेली. झिरो खाली आणायचा राहिला होता.

“सुरेख,” मास्तर म्हणाले. “साबण कुठे ठेवायचा? श्रद्धेवर? लक्ष कुठे होतं तुझं?”

“हिच्याकडे.”

बोलून तो स्वतःच दचकला. हे वाक्य तेवढं हवेत चालवून बघायचं राहिलं होतं.

मास्तरांना एकाएकी पलीकडच्या मशीनचं तेल तपासावंसं वाटलं.

“परत बोल,” ती म्हणाली.

“आधी जरा मनातल्या मनात —”

“हवाई!”

“मला तू आवडतेस. मोडलेल्या सगळ्या कटरांसकट.”

“मलाही तू... पण तुझा वेग बघता हे ऐकेपर्यंत मी म्हातारी झाले असते.”

मग झिरो तिने लावला. कटरखाली कागदाची पट्टी सरकवत, ती जरा अडेपर्यंत कटर खाली आणत, कधी नव्हे इतक्या हळू. पट्टी धरलेल्या तिच्या बोटांवर त्याची बोटं आली, आणि या वेळी चष्मा पुसायला गेली नाहीत. हिरवं बटण दोघांनी मिळून दाबलं. चांदीसारखा कीस उडाला. कटर शाबूत राहिला. साबणदाणी अशी गुळगुळीत उतरली की साबणालाही संकोच वाटावा.

“दोघंही पास,” मास्तर म्हणाले. “मशीन पुसा आणि निघा.”

त्याचा चेहरा पडला. तिने हात पुसले, ताठ उभी राहिली आणि घसा खाकरला.

“माननीय मास्तर, सदर साबणदाणी अत्यंत वाईट झाली असल्याने आम्हां दोघांना तातडीने नापास करण्यात यावे, आणि पुढील आदेश येईपर्यंत याच मशीनवर एकत्र ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.”