गुडघ्याच्या चार बोटं वर

लिफ्टमध्ये ती एक्स-रे दिव्यासमोर धरून उभी होती. मांडीचं हाड, गुडघ्याच्या चार बोटं वर मोडलेलं. कुणी विचारलं नसताना मागून तो म्हणाला, "रॉड."

"प्लेट," ती मागे न वळताच म्हणाली.

मग वळली. दोघंही आपापल्या मजल्यावर उतरायचं विसरली.

त्या दिवसापासून हॉस्पिटलच्या सकाळच्या बैठकीत दोघांची रोज जुंपायची. हाडाच्या आतून रॉड घातला की पेशंट लवकर उभा राहतो, हे त्याचं म्हणणं. चिरा सांध्यात गेल्या असतील तर तुकडे प्लेटनेच नीट जुळतात, हे तिचं. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण मिटायची सोय नव्हती. सिस्टरांनी नावंही ठेवली: रॉडवाले आणि प्लेटवाली. भांडताना तिची एक बट कपाळावर यायची आणि रॉडवाल्यांचा पुढचा मुद्दा... कुठे जायचा कोण जाणे. पण हे तिला सांगायचं कसं? हाडं जोडणाऱ्या माणसाला एक वाक्य जुळवता येईना.

अशात त्याची आई पडदे काढायला स्टुलावर चढली आणि पडली. नेमकं गुडघ्याच्या चार बोटं वर मोडलं.

"हे मला नाही जमणार," फिल्म पुढे करत तो म्हणाला. "आईचं ऑपरेशन तुम्ही करा."

"मी प्लेटवाली आहे हं."

"प्लेट तर प्लेट. तुम्ही म्हणाल ते."

ती बघतच राहिली. या माणसाने आजवर तिचा स्वल्पविरामही मान्य केला नव्हता.

तो बाहेर येरझारा घालत राहिला. आईला फक्त कमरेखाली बधिर केलं होतं. तोंड कमरेच्या वर असतं, एवढं तरी हाडांच्या डॉक्टरला आठवायला हवं होतं.

ती बाहेर आली. मास्क खाली, गाल लाल.

"रॉड घातला."

"रॉड? तुम्ही?"

"सांधा शाबूत होता. हाडाकडे बघून घातला, तुमच्याकडे बघून नाही. छान चालतील त्या."

तो बाकावर बसला. "आईने त्रास नाही ना दिला?"

"छे! गप्पा मारत होत्या. म्हणाल्या, हा रोज जेवताना तुझीच निंदा करतो. ताट निवतं, निंदा संपत नाही. परक्या माणसाची इतकी मनापासून निंदा कुणी करत नाही गं!"

"...सगळ्यांनी ऐकलं?"

"भूलवाल्या डॉक्टरांनी तर पुन्हा सांगायला लावलं."

त्याने डोळे मिटून घेतले. "आणि तुम्ही... तुम्ही काय म्हणालात?"

ती शेजारी बसली. कपाळावरची बट तिने मागे सारली नाही.

"म्हटलं, काकू, आमच्याकडेही ताट निवतंच."