बुडावरचं अक्षर

"यंत्र खोटं बोलत नाही, बाई. पण सगळे म्हणतात, मीच खोटं बोलते."

टांग यूलान जिंगदेझेनच्या एका संग्रहालयात जुन्या चिनी मातीच्या भांड्यांची रासायनिक तपासणी करायची. उद्या संचालक तिला कामावरून काढणार होते.

झान बाईंनी तिच्यापुढे चहा सरकवला. "पहिल्यापासून सांग." बाईंचे शाळासोबती आणि आता तपासातले जोडीदार मेई मास्तर कान टवकारून बसले.

हू गुईश्यांग या चहावालीने आईचा निळ्या वेलीचा जुना वाडगा संग्रहालयाला द्यायला काढला होता. यूलानने तो क्ष-किरणांखाली धरला. निळ्या रंगात मँगनीज भरपूर, म्हणजे इथल्याच डोंगरातलं जुनं कोबाल्ट. मग छिंगमिंगला, पितरांच्या दिवशी, आईला त्यातच नैवेद्य दाखवायचा म्हणून गुईश्यांग तो घरी घेऊन गेली. परत आल्यावर यूलानने पुन्हा तपासला, तर मँगनीजचा मागमूस नाही. रंग आजच्या कारखान्यातला.

"आता म्हणतात, एकतर तुझी तपासणी चुकली, नाहीतर वाडगा तूच बदललास."

झान बाईंनी तिने सोबत आणलेला वाडगा उलटा केला. बुडावर टिंबाटिंबांनी 'हू' अक्षर होतं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. गुळगुळीत, चकचकीत.

मेई मास्तरांचा जीव हळवा झाला. "लग्नाकार्यात गल्लीभरचे वाडगे गोळा व्हायचे. परत देताना घोळ नको, म्हणून प्रत्येकाच्या बुडावर आडनाव. आता कोण कुणाकडे वाडगा मागतं!"

"मास्तर, रडायचं ते वाटेत रडा. चला."

गुईश्यांग चहाच्या दुकानात भेटली. "अक्षर? आजोळहून वाडगा आला, तेव्हा दारावर आलेल्या भांडी सांधणाऱ्याकडून आईने कोरून घेतलं. टुक टुक टुक. मी कान झाकून बसले, वाटलं फुटतोय आता." तिने डोळे पुसले. "आई गेल्यापासून तो घरात बघवत नाही मला. छिंगमिंगला? मी, देशुन दादा आणि तो जुन्या भांड्यांचा व्यापारी को. म्हणे उदबत्ती लावायला आलोय! डोळा सगळा वाडग्यावर."

कोच्या गळ्यात भिंग लटकत होतं. वाडगा पाहून तो हसला. "मी नक्कल करवली असती, तर तुमच्या यंत्रालाही पत्ता लागला नसता. जुन्या कोबाल्टची पूड आहे माझ्याकडे. अक्षर छिन्नीने ठोकून खाचेत मळही भरला असता."

"निर्लज्ज आहे," बाहेर पडताना मास्तर पुटपुटले. "हाच चोर."

देशुन कुंभारशाळेत कच्च्या पेल्यांच्या बुडावर बांबूच्या सुईने आडनाव टोचत होता. त्याने मान वर केली नाही. "बहिणीने संग्रहालयाला दिला, विषय संपला. लहानपणी त्यात आधी ती जेवायची, मग मी. आई शेवटी."

मास्तरांना पुढे काही विचारवेना. झान बाईंनी मात्र संचालकांसकट सगळ्यांना संध्याकाळी संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत बोलावलं.

"भाजलेल्या भांड्यावर छिन्नी मारली, की झिलई फुटते," बाई म्हणाल्या. "टिंब खरखरीत राहतं. गुईश्यांगने टुकटुक ऐकली, म्हणजे खरं अक्षर भट्टीनंतरचं. या टिंबांत मात्र झिलई उतरलीय. अक्षर कच्च्या मातीवर टोचलं, मग झिलई, मग भट्टी. कोला हा फरक ठाऊक आहे, तो असा फसला नसता. जन्मभर कच्च्या मातीवरच नाव घालणाऱ्याचा हात सवयीने तिथं गेला."

मास्तरांनी देशुनकडे पाहिलं आणि कोला चोर म्हटल्याची त्यांना लाज वाटली.

"नक्कल करताना जुना समोर ठेवायचीही गरज पडली नाही," देशुन हळूच म्हणाला. "वेल पाठ आहे मला." त्याने पिशवीतून जुना वाडगा काढला. "काचेत गेला असता, तर त्यात पुन्हा कुणी भात वाढला नसता. रोज त्यातच जेवतो मी. पोरी, तुझ्यावर बालंट येईल हे डोक्यातच आलं नाही."

"मागितला का नाहीस दादा?"

"तुला तो बघवत नव्हता. माझ्याकडे आलीस की दिसलाच असता. कसा मागू?"

यूलानने वाडगा यंत्राखाली धरला. पडद्यावर मँगनीज दिसलं आणि तिला हुंदका फुटला. संचालकांनी घसा खाकरला. "उद्या वेळेवर या, यूलान. चूक माझी झाली. आणि हा वाडगा—"

"देणगीवर माझी सही झाली नाहीये अजून," गुईश्यांग म्हणाली. तिने नवा वाडगा त्यांच्यापुढे सरकवला. "हा ठेवा. हाही हूंचाच आहे."

मग जुना वाडगा उचलून ती भावाकडे वळली.

"जेवलास का?"

"नाही."

"चल घरी. वाढते."